पागोळीपासून संगणकापर्यंत

रोहिणी संपून मृग लागला कीं, शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगमेश्वरांत घरोघर एकच लगबग दिसते. कौलें परतून झालेलीं असतात, लांकूडफांटा पडवींत रचलेला असतो, आणि पहिली सर कोसळतांच मुलें अंगणांत धांव घेतात. त्यांतलें एखादें चार-पांच वर्षांचें मूल घरांतला रिकामा डबा पागोळीखालीं नेऊन ठेवतें. डबा बघतां बघतां भरून वाहूं लागतो. मग तसाच दुसरा डबा तें अंगणाच्या मध्यावर ठेवतें, तर तो कांहीं केल्या लवकर भरत नाहीं. पाऊस एक, डबे सारखे, आणि पाणी मात्र निराळें! मूल विचारांत पडतें. इतक्यांत ओटीवरून वडीलधाऱ्यांची हांक येते, "भिजूं नको, आंत ये." मूल आंत येतें, आणि तें गप्प बसावें म्हणून त्याच्या हातीं मोबाईल दिला जातो.

त्या मोबाईलची निंदा करण्याचें कारण नाहीं. मानवी बुद्धीनें घडविलेल्या अत्यंत नाजूक यंत्रांपैकीं तें एक आहे. प्रश्न एवढाच कीं, अंगणांतला डबा आणि हातांतलें तें यंत्र यांच्यामध्यें ज्या पायऱ्या आहेत, त्या मुलानें केव्हां चढावयाच्या? पडद्यावर बोट फिरविणें तीन वर्षांच्या मुलालाहि साधतें. परंतु बोट फिरविणें म्हणजे तंत्रविद्या नव्हे. मनांत एखादा हेतु धरावा, त्याला योग्य साधन निवडावें, मोजमाप घ्यावें, वस्तु घडवावी, ती बिघडली तर कां बिघडली हें शोधून पुन्हां घडवावी, याला तंत्रविद्या म्हणतात. संगणक हें तिचें आजचें सर्वांत समर्थ साधन होय, पण साधनच. आणि ही विद्या आठवीच्या वर्गांत एका जून महिन्यांत अकस्मात् सुरू करतां येत नाहीं. गायनाप्रमाणें तिलाहि लहानपणापासूनची, वर्षावर्षानें चढत जाणारी तालीम लागते.

महाराष्ट्राच्या भूमीवर हा विचार पूर्वीं एकदां होऊन गेला आहे. १९३७ च्या आक्टोबरांत वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीं हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफलेला सात वर्षांचा अभ्यासक्रम तयार केला. मूलोद्योग शिक्षण तें हेंच. टकळीवर सूत कांततां कांततां मुलानें तार मोजावी, वजन करावें, कापूस कोणत्या जमिनींत पिकतो हें विचारावें, अशी ती कल्पना होती. पुढें १९४५ च्या जानेवारींत सेवाग्रामच्या परिषदेनें तिला दोन्ही बाजूंनीं वाढविलें. सात वर्षांखालील मुलांसाठीं पूर्व-बुनियादी आणि चौदा वर्षांपुढील मुलांसाठीं उत्तर-बुनियादी अशा पायऱ्या जोडल्या गेल्या. बालपणापासून तारुण्यापर्यंत हाताचें आणि बुद्धीचें शिक्षण एका ओळींत बसविण्याचा एवढा व्यापक प्रयत्न या देशांत त्यापूर्वीं झाला नव्हता.

तो फळास कां आला नाहीं? याचीं उत्तरें अनेक आहेत, पण एक उघड आहे. पुष्कळ शाळांतून टकळी राहिली आणि टकळीमागचें 'कां' व 'कसें' गेलें. ज्या शिक्षकांच्या स्वतःच्या हाताला कला नव्हती, त्यांच्या हातीं उद्योगाचा तास ही एक कवाईत होऊन बसली. शिवाय सुशिक्षित पालकांनीं हें शिक्षण खेड्यांतल्या मुलांसाठीं उत्तम मानलें आणि आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत घातलीं. फिनलंडमध्यें १८६६ सालीं हस्तव्यवसाय लोकशाळांत सक्तीचा झाला, आणि तेथल्या मूलभूत शाळांत तो आजहि मुलगे व मुली या दोघांना शिकावा लागतो. तेथें तो टिकला याचें एक कारण, तो श्रीमंताच्या मुलालाहि चुकत नाहीं!

सर्वांत खालची पायरी ज्यांनीं बांधली, त्यांचें नांव येथें घेतलेंच पाहिजे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसरीबाईंचीं साधनें अभ्यासपूर्वक केलेलीं, पण महाग. ताराबाईंनीं त्यांतलें तत्त्व घेतलें आणि साधनें गांवांतून उचललीं. बोटांना मऊ-खरखरीत कळावयाचें असेल तर पानें, बिया आणि दगड पुरेसे आहेत, रंगीत लांकडी ठोकळेच हवेत असें नाहीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळा त्यांच्या अंगणांत न्यावी, या विचारांतून 'अंगणवाडी' निघाली. हा शब्द पुढें १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेनें देशभर नेला. शब्द सर्वत्र पोंचला. त्यामागची हाताची तालीम तितकी पोंचली नाहीं.

यानंतर पाबळकडे वळावें लागतें, आणि तेथें थोडें थांबावें लागतें. पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतलें पाबळ हें अवर्षणाच्या पट्ट्यांतलें गांव. कोंकणच्या अगदीं उलट. डॉ. श्रीनाथ कालबाग हे एका मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेंतले शास्त्रज्ञ. ती मानाची नोकरी सोडून त्यांनीं १९८३ सालीं येथें विज्ञान आश्रम काढला. त्यांची समजूत अशी होती कीं, शाळेंत नापास ठरलेल्या मुलाची बुद्धि नापास नसते. तिला हातांतून वाट हवी असते. या विचारांतून आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय सिद्ध झाला, आणि राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानें त्याला मान्यता दिली. आठवड्यांतून एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य अशीं चार अंगें. आणि चारीहि अंगें प्रत्येकानें शिकावयाचीं. मुलगा स्वयंपाकाकडे पाठ फिरवूं शकत नाहीं, आणि मुलगी वेल्डिंगला नको म्हणूं शकत नाहीं. आपल्याकडे घरांतला फ्यूज गेला तर पक्कड मुलाच्या हातीं आणि मेणबत्ती मुलीच्या हातीं दिली जाते, हें पाहतां ही एक बाबहि लहान नव्हे.

या पद्धतींतली मर्माची गोष्ट अशी कीं, विद्यार्थ्यांनीं केलेलें काम रद्दींत जात नाहीं. तें गांवाच्या उपयोगीं पडतें. लोखंडी खाट, फाटक, जाळी आणि सिमेंट यांची पाण्याची टांकी, मातीची परीक्षा अशीं कामें मुलें करतात. खाटेचा सांधा तुटला तर ती परत येते! त्यामुळें गुण देणारा परीक्षक शाळेबाहेर, गिऱ्हाइकाच्या रूपानें उभा असतो. शिकविणाराहि बहुधा गांवचाच कारागीर असतो. पदवी नाहीं, पण हात आहे, अशा माणसाला वर्गांत मानानें उभें करणें हें आपल्या शिक्षणव्यवस्थेला आजवर फारसें जमलेलें नाहीं.

आतां एक वर्ष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. २००२ सालीं याच पाबळांत अमेरिकेंतील एम. आय. टी. या विख्यात संस्थेच्या साहाय्यानें 'फॅब लॅब' स्थापन झाली. संगणकावर रेखाटावें आणि यंत्रानें तें कापून किंवा कोरून द्यावें, अशी ही कार्यशाळा. अशा प्रकारची एम. आय. टी. बाहेरची ती पहिली. परंतु ती आली तेव्हां आश्रमाला एकोणीस वर्षें झालीं होतीं. हातोडा आधीं आला, संगणकाचें यंत्र नंतर. पुढच्याच वर्षीं, २००३ मध्यें, डॉ. कालबाग निवर्तले, त्यांचें काम चालू राहिलें.

संगणकाच्या शिक्षणाबद्दल मात्र दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक मत म्हणतें, यंत्र मुलांपुढें ठेवा, तीं आपोआप शिकतील. याला आधार नाहीं असें नव्हे. या शतकाच्या आरंभीं डॉ. सुगत मित्र यांच्या प्रसिद्ध प्रयोगांतले कांहीं संगणक रत्नागिरीला लागूनच असलेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, भिंतींत बसवून उघड्यावर ठेवले होते. मुलांनीं शिक्षकाविना पुष्कळ कांहीं आत्मसात केलें, असें तेथल्या पाहणींत दिसून आलें. चित्र काढणें, धारिका उघडणें, खेळ खेळणें त्यांना येऊं लागलें. पण 'हें यंत्र माझ्या गांवच्या कोणत्या कामाचें' हा प्रश्न मुलाला भिंत विचारीत नाहीं. तो शिक्षकानेंच विचारावा लागतो. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैराट या छोट्या गांवच्या एकशिक्षकी शाळेंत विसेक मुलांना एकेक छोटा लॅपटॉप मिळाला. मूळ योजना परदेशची होती. परंतु तेथें जो जिवंतपणा आला तो यंत्राइतकाच गुरुजींमुळें आला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

दुसरें मत शहरांतून अधिक ऐकूं येतें. सहा वर्षांच्या मुलालाहि आज्ञावली लिहावयास बसवा, नाहींतर तें मागें पडेल, असें तें सांगतें. याला उत्तर मुंबईच्या पवई येथील आय. आय. टी. तल्या प्राध्यापकांनींच देऊन ठेवलें आहे. त्यांनीं २०१० च्या सुमारास शाळांसाठीं संगणकाचा एक नमुना अभ्यासक्रम आणि 'कंप्यूटर मस्ती' नांवाचीं पुस्तकें तयार केलीं. त्यांत भर कळफलकावर नसून विचारावर आहे. दांत घासण्यासारखें रोजचें काम क्रमानें कसें सांगावें, कोणती माहिती कोठें शोधावी, एक मोठें काम लहान तुकड्यांत कसें मोडावें, याचा सराव आधीं. आज्ञावली मागाहून, आणि तीहि चित्रांचे ठोकळे जुळवून. संगणकशास्त्राचे पंडितच घाई करूं नका म्हणत असतील, तर पालकांनीं कोणाचें ऐकावें?

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर संगमेश्वरच्या त्या डब्याकडे पुन्हां यावयास हरकत नाहीं. कारण या सर्व पायऱ्या एका डब्यावर चढतां येतात.

तीन ते सहा वर्षांच्या वयांत मुलाला पाणी ओतूं द्यावें. करवंटीनें बादली भरावी, पन्हळींतून पाणी सोडावें, ओल्या मातीचा बांध घालून तें अडवावें आणि बांध फुटलेला पाहावा. आंकडे नकोत; जास्त-कमी, भरला-सांडला एवढे शब्द पुरेत. पहिली-दुसरींत डबा उघड्यावर ठेवावा आणि काडी बुडवून पाणी बोटांनीं मोजावें. एकाची चार बोटें भरतात, दुसऱ्याचीं पांच, आणि भांडण होतें. हें भांडण मोलाचें आहे. पट्टी शोधून काढण्याची गरज मुलांना तेथें कळते. तिसरी-चौथींत एक रुंद आणि एक अरुंद असे दोन सरळ कडांचे डबे शेजारीं ठेवावे आणि कोणत्यांत पाणी अधिक उंच चढेल असें विचारावें. बहुतेक मुलें अरुंद डब्याचें नांव घेतात. मोठीं माणसेंहि घेतात. प्रत्यक्षांत दोहोंतील उंची सारखीच भरते. रुंद तोंडांत पाऊस अधिक पडतो, पण तो अधिक जागेंत पसरतो. हें एकदां डोळ्यांनीं पाहिलेलें मूल 'पाऊस मिलिमीटरमध्यें कां मोजतात' हा प्रश्न जन्मांत विसरत नाहीं.

पांचवी ते सातवी हें हाताचें खरें वय. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसविला कीं नरसाळें होतें. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आंत खडे घालून वर थोडें पाणी ओतावें आणि त्या पातळीला शून्याची खूण करावी. ही युक्ति शिक्षकानें सांगूं नये. पहिल्या आठवड्याचे चुकीचे आंकडे पाहून मुलांनींच ती काढावी. रोज सकाळीं साडेआठला नोंद व्हावी, कारण हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणीहि त्याच वेळीं संपते. आपला आंकडा आणि सरकारी आंकडा शेजारीं मांडतां येतो, यांत मुलाला केवढा अभिमान वाटतो! आलेख आधीं चौकटीच्या कागदावर, पेन्सिलीनें.

आठवी-नववींत तेच आंकडे संगणकावर चढतात. आतां संगणकाला काम आहे, आणि मुलाला तें काम काय हें ठाऊक आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शाळेचें छप्पर शंभर चौरस मीटरांचें धरलें तर त्यावरून तीन लाख लिटर पाणी पागोळ्यांनीं ओघळून जातें. पांचवा हिस्सा वायां गेला असें मानलें तरी दोन लाख चाळीस हजार उरतें. आणि याच जिल्ह्यांतल्या कितीतरी वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते! पन्नास मुलांच्या शाळेला दर मुलामागें रोज पांच लिटर पाणी लागतें असें धरा. टंचाईच्या काळांतल्या साठ शाळादिवसांना पंधरा हजार लिटर पुरे. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल एवढी टांकी झाली. तिचा आराखडा नववीचा विद्यार्थी करूं शकतो. आणि पाबळच्या धर्तीवर जाळी व सिमेंट हाताळावयास शिकलेला दहावीचा वर्ग, गांवच्या गवंड्याच्या देखरेखीखालीं, ती उभारण्यास हात लावूं शकतो.

त्याहून वरच्या वर्गांतला विद्यार्थी पाऊस आपोआप मोजणारें यंत्र जोडूं शकेल. डुलणारें छोटें पन्हळ, तें कलंडलें कीं एक ठोका, आणि ठोके मोजणारी चिमुकली संगणकपट्टी, एवढीच त्याची रचना असते. परंतु एखाद्या दिवशीं यंत्राचा आंकडा आणि डब्याचा आंकडा जुळला नाहीं तर काय? ज्यानें आरंभ यंत्रापासून केला, तो पडद्यावरील आंकडाच खरा मानतो. ज्यानें आरंभ करवंटीपासून केला, तो उठतो, छपरावर जातो आणि नरसाळ्यांत अडकलेलें पान काढतो.

हें सारें कागदावर सोपें वाटतें. संगमेश्वर तालुक्यांत, किंवा कोंकणांतल्या कोणत्याहि तालुक्यांत, अडचण निराळीच आहे. जिना एक, पण त्याचे मालक तीन. अंगणवाडी महिला व बालविकास खात्याची, प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, आणि हायस्कूल बहुधा एखाद्या खाजगी संस्थेचें; खुद्द संगमेश्वरचें पैसा फंड हायस्कूलहि त्याच जातीचें. वाडीवरचें मूल डोंगर उतरून हायस्कुलांत येतें तेव्हां त्याला काय येतें हें कोणीं कोणास कळविलेलें नसतें. म्हणून प्रत्येक ठिकाणीं 'संगणकाचे भाग' या धड्यापासून पुन्हां आरंभ होतो. मूल सारखें पहिल्याच पायरीवर उभें असतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते अठरा वर्षांचा सलग आराखडा मांडला, सहावी ते आठवीच्या काळांत दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन शिकण्याची सूचना केली, हें स्वागतार्ह आहे. पण तीन वर्षांत दहा दिवस! रंधा धरावा कसा हें कळेपर्यंत ते संपलेले असतील.

मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या कोंकणी कुटुंबांनाहि येथें दोन शब्द सांगणें भाग आहे. गांवच्या शाळेला जुने संगणक भेट देण्याची मोठी हौस त्यांच्या ठिकाणीं असते, आणि ती स्तुत्य आहे. तथापि कोंकणच्या दमट हवेंत, विजेच्या लपंडावांत, दुरुस्तीची सोय नसतांना ते संगणक कुलुपांत राहतात. त्याबरोबर एक पक्कड, एक करवत, दोन हातोडे, मोजपट्ट्या, आणि गांवच्या सुतार-गवंड्याला वर्षभर दर आठवड्याच्या एका दिवसाचें मानधन, एवढें कोणी दिलें तर तें अधिक काळ टिकेल. रेल्वेनें मुंबईला जाणारे तरुण थांबणार नाहींत, आणि थांबावें असा आग्रहहि नाहीं; पण गांवचा पंप बिघडला कीं दुरुस्तीला माणूस बाहेरगांवाहून बोलवावा लागतो, ही स्थिति तरी पालटेल.

तिन्ही मालकांना जोडण्यास फार मोठी योजना नको. मुलाची पावसाची वही त्याच्याबरोबर पुढच्या शाळेंत जावी. अंगणवाडींतलीं चित्रें, चौथीपर्यंतच्या नोंदी, सातवीचा आलेख हीं सारीं एका पुठ्ठ्यांत बांधलेलीं असावीं. आठवीच्या शिक्षकानें ती वही पहिल्या दिवशीं उघडून पाहावी आणि तेथून पुढें शिकवावें. मे महिन्याच्या आरंभीं, सुट्टी लागण्यापूर्वीं, अंगणवाडीताई, गुरुजी आणि हायस्कुलाचे शिक्षक एका दुपारीं एकत्र बसले तरी पुरे.

यांत एक व्यवहाराची अडचण उरते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मृगाचा पाऊस त्याच्या आधींच संगमेश्वरांत पोंचतो. तेव्हां पहिल्या आठवड्याची नोंद घरींच करावी लागेल. डबा उघड्यावर, भिंतीपासून व झाडापासून दूर ठेवावा, वाऱ्यानें कलंडूं नये म्हणून त्याच्या भोंवतीं चार दगड लावावे, आणि सकाळीं साडेआठला मूल छत्री घेऊन बाहेर निघालें तर त्याला अडवूं नये.